टाचणीचा टोल

हार्थच्या माळावरून किर्कबेकला जाणारा रस्ता आता कौन्सिलचा आहे आणि त्यावरून कोणीही, कशावरही बसून, फुकट जाऊ शकतो. नव्या पिढीला हे इतके साधे वाटते, की खिंडीतले ते अष्टकोनी घर पाहून मुले विचारतात, एवढ्याशा घराला दोन्ही बाजूंनी खिडक्या कशाला? त्यांना सांगावे लागते, की एक खिडकी येणारा दिसावा म्हणून आणि दुसरी न देता सटकणारा दिसावा म्हणून. त्या दोन खिडक्यांच्या मध्ये डॉर्कस पीअर्टने आयुष्यातली तीसेक वर्षे काढली.

रस्ता बांधला शिशाच्या कंपनीने, माझ्या पणजोबांच्या काळात. वर हार्थहोपला शिशाच्या खाणी, खाली किर्कबेकला बाजार आणि चर्च, आणि मध्ये हा सात मैलांचा माळ, ज्यावर हेदरची खुरटी झुडपे, दलदल आणि मेंढरे सोडून काही नाही. कंपनीने दगड फोडून रस्ता केला. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दलदल अशी नेमकी जागा पाहून तिथे फाटक बसवले आणि खर्च वसूल होईपर्यंतच टोल घेऊ असे जाहीर केले. खर्च वसूल झाला की नाही, हे पुढे कोणी सांगितले नाही. परदेशी शिसे स्वस्त झाले, खाणी बंद पडल्या, कंपनी बुडाली, ग्रेस्टन या जमीनदारी इस्टेटीने रस्ता विकत घेतला. एवढे सगळे झाले, तरी फाटक जागचे हलले नाही.

या फाटकाचा एक दर इतर कुठल्याच फाटकावर नव्हता. हार्थहोपला चॅपेल आहे, पण दफनभूमी नाही. वीतभर माती खणली की खडक लागतो. त्यामुळे आमच्याकडच्या मेलेल्या माणसाला खांद्यावरून माळ ओलांडून किर्कबेकच्या चर्चच्या आवारात न्यावे लागते. आणि आमच्या भागात एक गोष्ट पक्की मानली जायची: ज्या वाटेने प्रेत फुकट गेले, ती वाट जिवंत माणसांना कायमची मोकळी झाली. कायदाच आहे तो, असे सगळे सांगत. कोणत्या राजाने केला असे विचारले, तर "जुन्या" असे उत्तर मिळे. कंपनीच्या मुनीमालाही हे माहीत असावे. दरांच्या फलकावर घोडा, गाडी, मेंढरांचा कळप असे सगळे लिहून झाल्यावर सर्वांत खाली त्याने रंगवून घेतले होते: "प्रेत – एक टाचणी."

प्रेताकडे पैसे मागायची लाज आणि फुकट सोडायची भीती, दोन्ही टाचणीत भागले. प्रेतयात्रा फाटकाशी आली, की सर्वांत जवळच्या नातलगाने अंगावरची एक टाचणी काढायची आणि फाटकाच्या ओकच्या खांबात खोचायची. मग फाटक उघडायचे. त्या खांबात शंभर वर्षांच्या गंजलेल्या टाचण्या होत्या. "आमचे आजोबा वरच्या गाठीपाशी आहेत," असे लोक सहज बोलून जात.

डॉर्कस या फाटकावर लग्न होऊन आली. तिचा नवरा एमॉस फाटक राखायचा. तो छातीच्या दुखण्याने लवकर गेला. इस्टेटीने नवा माणूस शोधायचा कंटाळा केला आणि काम तिच्याकडेच राहिले. ती बुटकी, रुंद आणि वाऱ्यात वाढलेल्या माणसासारखी जरा पुढे झुकून उभी राहणारी होती. पायात नवऱ्याचे बूट, अंगावर जाड ॲप्रन, आणि ॲप्रनच्या छातीवर टाचण्यांची रांग. कारण वारा, दुसरे काही नाही. माळावर जे टाचलेले नसते ते जाते.

तिला फसवायचा प्रयत्न सगळ्यांनी एकेकदा केला आणि बहुतेकांनी दुसऱ्यांदा केला नाही. पायी माणसाला टोल नव्हता, सायकलीला होता. म्हणून किर्कबेकचा एक मास्तर फाटकाआधी उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "मी पायी आहे, बाई."

"दिसतंय की," डॉर्कस म्हणाली. "पण पाठीवर ओझं घेतलेल्या जनावराचा दर वेगळा आहे. फलकावर बघा, सायकलीपेक्षा जास्त आहे."

मास्तर सायकलीवर बसून गेला.

मोटारी आल्या तेव्हा एका गृहस्थाची मोटार माळावर बंद पडली आणि त्याने ती घोड्याला जुंपून आणली. ही मोटार धरायची की घोडागाडी, यावर तो फाटकाशी हुज्जत घालू लागला, कारण घोडागाडी स्वस्त होती. डॉर्कसने शांतपणे दोन्ही धरले. "घोडा चालतोय आणि मोटार येतेय," ती म्हणाली. "दोघंही माझ्यासमोरून चाललेत ना?"

रविवारी उपासनेला जाणाऱ्यांना टोल माफ होता. ही सवलत आमच्या लोकांना फार आवडे. किर्कबेकला मेंढरांचे प्रदर्शन रविवारी भरू लागल्यावर हार्थहोपचे तरुण बायबल हातात घेऊन गाडीतून निघाले. डॉर्कसने फाटक बंद ठेवले.

"उपासनेला?"

"उपासनेला, डॉर्कसबाई."

"मग एक स्तोत्र म्हणा. सगळी कडवी."

पहिल्या रविवारी ते दुसऱ्या कडव्यावर अडकले आणि त्यांना टोल भरावा लागला. पण पोरे चिकट. आठवडाभर त्यांनी पाठांतर केले. दोन-तीन वर्षांत हार्थहोपच्या चॅपेलमधले गायन साऱ्या दरीत नावाजले गेले. पाद्रीबुवा याचे श्रेय स्वतःकडे घेत.

या सगळ्यांत तिला मनापासून त्रास देणारा माणूस एकच होता, आणि तो घरचा होता. एनॉक पीअर्ट, तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. एनॉकची मेंढरे होती, दगडी गडगे घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याला टोल मान्य नव्हता. त्याच्या आजोबांनी या रस्त्यासाठी दगड फोडले होते. कंपनीने त्यांना रस्ता फुकट वापरू देण्याचे तोंडी कबूल केले होते आणि रस्ता उघडला त्याच दिवशी त्यांच्या गाढवाचा टोल घेतला होता. हे गाढव एनॉकच्या जन्माआधी कितीतरी वर्षे मेलेले. पण एनॉक त्याच्याविषयी असा बोले, जणू सकाळी त्याला चारा घालून आला आहे. धाकट्या भावाने त्याच फाटकावर नोकरी धरली, तेव्हापासून एनॉकने फाटकातून पाऊल टाकले नाही. तो दलदलीतून जाई. बाजारात पोहोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत काळा होई. एकदा त्याची घोडी पोटापर्यंत रुतली आणि तिला काढायला निम्मा गाव लागला.

खरे म्हणजे पायी माणसाला टोल नव्हताच. पण एनॉक म्हणे, "तत्त्वाचा प्रश्न आहे." त्याची बायको मर्सी दर आठवड्याला अंड्यांची टोपली घेऊन त्या तत्त्वातून चालत जाई.

दलदलीकडे वळायच्या आधी मात्र एनॉक फाटकाशी थांबून डॉर्कसशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे.

"काय गं, अजून इथेच?"

"इथेच, भाऊजी. तुमचा पहिला टोल घ्यायचाय ना मला."

"तो तुला मेल्यावरही मिळायचा नाही."

"मेल्यावर तर टाचणीच द्यायचीय. तेवढीही जड होईल का?"

असे ते वर्षानुवर्षे चालले. आम्हाला वाटे, ही त्यांची करमणूक आहे. त्या वर्षी, पहिले महायुद्ध संपून सात-आठ वर्षे झाली होती, एनॉकने हिवाळ्यात अंथरूण धरले आणि आम्हा सहा जणांना बोलावून घेतले. सुतार आयझॅक रेन आमचा म्होरक्या. मी तेव्हा सहकारी दुकानात हिशेब लिहीत असे आणि उंचीमुळे खांदेकऱ्यांत माझी वर्णी नेहमी लागे. एनॉक उशांना टेकून बसला होता. मर्सी कोपऱ्यात चुलीवर सूप ढवळत होती.

"बायबलवर हात ठेवा," एनॉक म्हणाला.

"शपथ कसली, ते तरी सांग," आयझॅक म्हणाला.

"मला फाटकातनं न्यायचं, टाचणी न देता. तुम्ही खोचायची नाही, कोणाला खोचू द्यायची नाही. बरोबर येणाऱ्या एकाही माणसाच्या अंगावर टाचणी ठेवायची नाही. मी एकदा फुकट गेलो की सगळी दरी फुकट जाईल. कायमची."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दरीत असा माणूस नव्हता ज्याला टोल नकोसा झाला नव्हता. आमच्या दुकानाची लॉरी तर प्रत्येक खेपेला टोल भरत होती.

"आणि डॉर्कसचं काय?" आयझॅकने विचारले. "फाटक गेलं तर तिचं घर जाईल."

"तिला बहीण आहे सन्डरलंडला."

"तुझ्या भावाची बायको आहे ती, एनॉक."

"म्हणून तर इतकी वर्षं बोललो तिच्याशी. दुसऱ्या कोणा फाटकवालीशी मी शब्द बोललो असतो का?"

"सूप गार होतंय," मर्सी म्हणाली.

मरणाऱ्या माणसाला नाही म्हणणे कठीण, आणि त्याच्या म्हणण्यात आपलाही फायदा असला तर फारच कठीण. आम्ही सहाही जणांनी शपथ घेतली.

आमच्याकडे गुप्त गोष्ट माळ ओलांडायला मेंढरापेक्षा कमी वेळ घेते. त्याच आठवड्यात इस्टेटीचे कारभारी पम्फ्रीसाहेब मोटारीतून फाटकावर आले. मी पिठाचे पोते पोहोचवायला लॉरीबरोबर गेलो होतो, म्हणून मला ऐकता आले.

"मिसेस पीअर्ट, तुमच्या दिरांचा बेत आमच्या कानावर आलाय," ते म्हणाले. "एक प्रेत फुकट गेलं की रस्ता गेला. रस्ता गेला की फाटक गेलं. आणि फाटक गेलं की..."

"मी गेले. समजलं. क्रम बरोबर लावलात."

"इस्टेटीचा नाइलाज आहे. तसं काही झालं, तर मार्चअखेर घर मोकळं करावं लागेल."

"आणि मी फाटक उघडलंच नाही तर?"

पम्फ्रीसाहेब बाहेरचे असले तरी एवढे त्यांनाही ठाऊक होते: प्रेताला परत फिरवता येत नाही. खांदेकऱ्यांनी तीनदा वाट मागायची. तिसऱ्यांदा मागितली, की टाचणी असो नसो, फाटक उघडावेच लागते. तसे कधी घडले नव्हते, कारण टाचणी नसलेला माणूस कधी आला नव्हता. आणि डॉर्कसच्या ॲप्रनवर टाचण्या असल्या तरी घेणाऱ्याच्या हातची टाचणी चालत नाही. ती प्रेताबरोबर आलेल्याकडूनच यावी लागते.

साहेब गेल्यावर डॉर्कस मला म्हणाली, "बहिणीची खोली मासळीच्या दुकानावर आहे. वारा आत येऊ नये म्हणून खिडकी खिळे मारून बंद केलीय तिने." मग जरा वेळाने, "मी तिथे श्वास कशाने घेऊ रे?" असे तिने विचारले. तिला कोणी असे काही विचारताना मी त्याआधी ऐकले नव्हते. मी सहा खांदेकऱ्यांपैकी एक आहे हे तिला माहीत होते. मी पोते आत ठेवले आणि निघालो.

एनॉक मार्चच्या सुरुवातीला गेला. दफनाच्या सकाळी त्याच्या अंगणात आयझॅक चहाचा रिकामा डबा घेऊन उभा राहिला आणि जमलेल्या प्रत्येकाच्या अंगावरच्या टाचण्या त्यात टाकून घेऊ लागला. पुरुषांचे सोपे होते, टायची पिन काढली की झाले. बायकांशी गाठ पडल्यावर शपथेचे वजन कळले.

"ब्रोच पण?"

"त्याला मागे टाचणी आहे. धरावीच लागेल."

"आणि माझी शाल?"

"सुतळीने बांधा."

"आयझॅक रेन," एक म्हातारी म्हणाली, "माझ्या परकराला आत एक टाचणी आहे. ती काढली तर परकर तुझ्या शपथेच्या भरवशावर राहायचा नाही."

आयझॅकने तिलाही सुतळी दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला.

खरी पंचाईत टोप्यांची झाली. शहरात तेव्हा बायका घट्ट, लहान टोप्या घालू लागल्या होत्या. पण आमच्याकडे दफनाच्या काळ्या टोप्या आयांच्या वेळच्या, परातीएवढ्या. त्या डोक्यावर बसत नसत, उभ्या राहत. आणि उभ्या राहत त्या दाभणाएवढ्या लांब टाचणीच्या जोरावर, जी टोपीतून आणि अंबाड्यातून आरपार जायची. डबा भरला. मर्सी काळ्या वेषात, टोपी घालून, दारात उभी राहून हे सगळे बघत होती.

आम्ही एनॉकला उचलले. गडगे घालणारा माणूस, जड असणारच. पण त्याने शवपेटीही ओकची सांगितली होती.

गावात होतो तोवर ठीक चालले. चढण संपून माळावर आलो आणि मार्चचा वारा समोर आला. मागून बायकांची हळूहळू कुजबुज सुरू झाली, मग ती कुजबुज राहिली नाही. प्रत्येकीचे दोन्ही हात टोपीवर. घागरे आवरायला हात उरला नाही, शाली आवरायला उरला नाही, नाक पुसायला तर नाहीच. एनॉकसाठी रडावे असे कोणाला वाटत असले तरी त्याची सोय नव्हती. लोहाराच्या बायकोने शिंकण्यासाठी एक हात काढला, आणि तिची टोपी निघाली. ती हेदरवरून उड्या मारत पश्चिमेला गेली. तिच्यामागे कोणी धावले नाही. प्रेतयात्रेत धावत नाहीत.

खिंडीत पोहोचलो तेव्हा फाटक बंद होते आणि डॉर्कस पलीकडे उभी होती. तिने ॲप्रन काढून काळा पोशाख घातला होता. ती फाटकवाली होती तशी मृताच्या भावाची बायकोही होती, आणि दोन्ही कामे एकाच वेळी करायची असल्यासारखी ताठ उभी होती.

"कोण आलंय?" तिने विचारले.

"हार्थहोपचा एनॉक पीअर्ट," आयझॅक म्हणाला. "किर्कबेकला निघालाय. वाट द्या."

"टाचणी?"

"टाचणी नाही."

हे शब्द त्या जागी पहिल्यांदाच बोलले गेले. डॉर्कसने कडीला हात लावला नाही. रीतीप्रमाणे मध्ये थोडे थांबावे लागते. आमचे खांदे मोडायला आले होते.

"आयझॅक, आटप रे," मागच्या जोडीतून कोणीतरी म्हणाले.

"प्रेतयात्रेत घाई करू नये."

"तुझ्याकडे पायांची बाजू आहे, म्हणून सुचतंय तुला."

आयझॅकने घसा खाकरला. "एनॉक पीअर्ट, किर्कबेकला निघालाय. वाट द्या." ही दुसरी वेळ.

"टाचणी?" डॉर्कसने विचारले. या वेळी तिचा आवाज जरा बारीक झाला.

"टाचणी नाही, डॉर्कस. आम्हाला माफ कर."

ती आमच्याकडे बघत नव्हतीच. ती मागे उभ्या असलेल्या बायकांकडे बघत होती. पंधरा-वीस बाया, सगळ्यांचे हात डोक्यावर. शेवटी तिची नजर सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या मर्सीवर थांबली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "वारा फार आहे नाही?"

"आहे खरा," मर्सी म्हणाली.

"सगळ्यांचे हात वर आहेत. तुमचे खाली कसे?"

आम्ही सहाही जणांनी एकदम मान वळवायचा प्रयत्न केला. पेटी डुगडुगली. पण तेवढ्यात मला दिसले: मर्सीचे हात पोटाशी जुळवलेले होते आणि तिची परातीएवढी टोपी त्या वाऱ्यात चर्चच्या कळसासारखी स्थिर होती. आयझॅकने सगळ्यांची झडती घेतली होती. विधवेची घ्यायचे त्याला सुचले नव्हते, आणि सुचले असते तरी धीर झाला नसता.

"मर्सी!" आयझॅक म्हणाला. "तुझ्या टोपीत टाचणी आहे?"

"आहे."

"पण आपलं ठरलं होतं!"

"तुमचं ठरलं होतं. मी सूप ढवळत होते. मला कोणी विचारलं?"

"नवऱ्याची शेवटची इच्छा होती ती!"

"त्याच्या आधीच्या सगळ्या पुरवल्यात मी. गुडघाभर चिखलातनं पुरवल्यात." मग ती डॉर्कसकडे वळली. "हे बघ, खोटं बोलत नाही. टाचणी लावली ती टोपी उडू नये म्हणून. तुझा विचार माझ्या डोक्यात नव्हता."

"ठाऊक आहे."

"माझ्या आईची टोपी आहे ही."

"ठाऊक आहे, जाऊबाई. त्यांच्या डोक्यावर पाहिलीय मी."

"टाचणी काढली तर ही जाणार."

"जाणार," डॉर्कस म्हणाली. तिने विनवणी केली नाही. फक्त एकदा मागे वळून घराकडे पाहिले आणि पुन्हा समोर पाहू लागली.

मर्सी पेटीजवळ आली. एनॉकच्या कानाला लागून बोलावे तशी ती डोक्याच्या बाजूला, म्हणजे माझ्या कोपरापाशी, उभी राहिली.

"एनॉक," ती म्हणाली, "तू जाऊन पोचलास. तुला आता कुठनं नेलं काय आणि कसं नेलं काय. हिला अजून इथे राहायचंय."

आणि तिने हात वर करून टाचणी ओढली.

टोपी सरळ उभी वर गेली. जरा वेळ ती आमच्या डोक्यांवर थांबली, जणू कोणत्या बाजूला जावे हे ठरवत होती, मग कड्याला वळसा घालून दिसेनाशी झाली. मर्सी फाटकाच्या खांबापाशी गेली. टाचणी लांब आणि लाकूड जुने, त्यामुळे ती नुसती खोचता येईना. मर्सीने रस्त्यावरचा एक दगड उचलला आणि टाचणी ठोकू लागली.

आम्ही शपथ घेतली होती, की कोणाला खोचू देणार नाही. तेव्हा तिला अडवणे आमचे कर्तव्य होते. पण अडवायला हात लागतात, आणि आमचे बाराही हात एनॉकनेच अडवून ठेवले होते. आयझॅकने पुढे हे पाद्रीबुवांना नीट समजावून सांगितले आणि त्यांनी आम्हाला दोषमुक्त केले.

डॉर्कसने फाटक उघडले. एनॉक पीअर्ट आयुष्यात पहिल्यांदा टोल भरून पलीकडे गेला. मागच्या बायका मात्र त्याच्यामागे गेल्या नाहीत; त्या आधी डॉर्कसच्या दारात शिरल्या आणि खुंटीवरच्या ॲप्रनवर तुटून पडल्या. दोन मिनिटांत त्यावर एक टाचणी उरली नाही. डॉर्कसने आपली शाल मर्सीच्या डोक्यावरून घातली, हनुवटीखाली गाठ मारली आणि दोघी जावा बरोबर चालत किर्कबेकला आल्या. फाटक तेवढा दिवस उघडेच राहिले. तीन गाड्या फुकट गेल्या असे म्हणतात, पण त्या गाडीवाल्यांनी नंतर येऊन टोल दिला, कारण डॉर्कसने चाकोऱ्या पाहून त्यांना नावानिशी ओळखले होते.

यापुढचे मी आजवर दरीत कोणाला सांगितले नाही. आता त्या दोघीही किर्कबेकच्या चर्चच्या आवारात शेजारी शेजारी आहेत, तेव्हा सांगायला हरकत नसावी.

महिना संपत आला होता. मी लॉरीतून फाटकावर पीठ उतरवत होतो. पम्फ्रीसाहेबांची मोटार किर्कबेककडून आली. साहेब खुशीत होते. खाली न उतरता, इंजिनही बंद न करता त्यांनी खांबातली ती लांब टाचणी पाहिली आणि हसले.

"मिसेस पीअर्ट, गंमत झाली. काल डरहमला इस्टेटीच्या वकिलांना भेटलो. ते म्हणतात, असा कायदाच नाही! कधीच नव्हता! प्रेत टाचणी देऊन गेलं काय आणि फुकट गेलं काय, रस्त्याच्या मालकीला काही होत नाही."

डॉर्कस फाटकावर हात ठेवून उभी होती. "म्हणजे टाचणी नसती तरी..."

"तरी काही झालं नसतं. घर राहिलंच असतं तुमचं. तुम्ही उगाच काळजी केलीत."

"मी केली? मार्चअखेर कोणी सांगितली होती?"

"आम्हालाही ते आत्ताच कळलं हो."

"एवढंच वकिलाला विचारायला इस्टेटीला शंभर वर्षं लागली?"

"असो," साहेब म्हणाले. "फलकावरची ती ओळ आता पुसून टाकू. मी वर हार्थहोपलाच चाललोय. आज चॅपेलमध्ये लोकांना जमवून समजावून सांगतो. असल्या खुळचट समजुती गेल्या पाहिजेत. उघडा फाटक."

डॉर्कसने फाटक उघडले नाही. उलट अर्धवट लागलेली कडी तिने पूर्ण लावली.

"जाऊबाईंना हे कळायला नको," ती म्हणाली.

"का बरं?"

"तिने आईची टोपी घालवली. सगळ्या गावासमोर नवऱ्याचा शब्द मोडला. आता दर आठवड्याला ती इथनं जाते तेव्हा आधी घराकडे बघते, मग माझ्याकडे. म्हणते, 'बरं केलं ना गं मी?' तिला जाऊन सांगणार तुम्ही, की वाचवायला काही नव्हतंच?"

"पण मिसेस पीअर्ट, खरं आहे ते खरं आहे."

"असू दे. त्याला इथे काय काम आहे?"

"इस्टेटीच्या माणसाला टोल नाही. फाटक उघडा."

"टोल मागत नाहीये मी. शब्द मागतेय. कोणाला सांगणार नाही म्हणा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही तरी सांगा यांना."

"मी पीठ उतरवतोय, साहेब," मी म्हणालो.

तेवढ्यात किर्कबेककडून मेंढरांचा एक कळप आला आणि फाटक बंद म्हणून मोटारीभोवती पसरला. एका मेंढीने पुढचे पाय मोटारीच्या दारावर ठेवले आणि साहेबांच्या तोंडाकडे पाहू लागली. मेंढपाळाने टोल काढून हातात धरला होता. डॉर्कसने त्याला थांबायची खूण केली.

"आधी यांचं होऊ दे," ती म्हणाली.

साहेब काही वेळ मेंढीकडे आणि मेंढी साहेबांकडे बघत राहिली.

"बरं," ते म्हणाले. "नाही सांगणार."

"इंजिन बंद करून म्हणा. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही."

त्यांनी इंजिन बंद केले. "कोणालाही सांगणार नाही. शब्द दिला."

"आणि ती ओळ?"

"राहू दे फलकावर."

डॉर्कसने कडीला हात घातला आणि मग थांबली. "पण आता तुम्ही वर जाऊन करणार काय?" तिने विचारले.

पम्फ्रीसाहेबांनी विचार केला. हार्थहोपला त्यांचे दुसरे काही काम नव्हते. ते खाली उतरले, हँडल फिरवून इंजिन चालू केले, मेंढरांतून हळूहळू मोटार वळवली आणि आले तसे किर्कबेककडे परत गेले.

त्यांच्यापुरते फाटक उघडावेच लागले नाही. डॉर्कसने ते मेंढरांसाठी उघडले आणि एकेक मोजून आत घेऊ लागली.